मिनिटभराचा अंधार

त्याला सगळा धक्का रेडिओ म्हणायचा. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच पडून होतं. सकाळी लाँच धक्क्यावरून सुटली की याचं तोंड सुरू व्हायचं, ते संध्याकाळी दोरखंड परत खुंटाला पडेपर्यंत मिटत नसे. हातात माईक, डोक्यावर मालकाने दिलेली टोपी आणि गळ्याशी घट्ट बंद केलेली गणवेशाची कॉलर. खाड्या, कडे, गुहा, पक्षी, बुडालेली जहाजं, बुडता बुडता वाचलेली जहाजं, विचाराल ते सांगणार आणि न विचाराल तेही सांगणार.

फेरा दिवसभराचा. पहिल्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात एक जाडजूड खडक बसलेला आहे. "मंडळी, हा जावई," रेडिओ म्हणायचा. "भरती येवो, ओहोटी येवो, आला तेव्हापासून उठायचं नाव नाही." पुढे दोन सुळके एकमेकांकडे पाठ करून उभे. "या सासू-सुना. दोघींच्या मधे जो पडला तो बुडाला, म्हणून आपण बाजूने जातो." रोज हेच, आणि रोज लोक हसायचे, कारण लोक रोज नवे. लाँच चालवणारा सारंग तेवढा जुना, आणि त्याने कित्येक वर्षांपूर्वीच हसणं सोडलं होतं.

असा हा बोलघेवडा माणूस घरी मात्र मिठाची गुळणी धरून बसायचा. रेडिओची बॅटरी घराच्या उंबरठ्याशी संपते, असं सारंग सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

घर दोन खोल्यांचं, रस्त्याला लागून. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन, कापायचं टेबल आणि रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. बायको टेलर. हात असा की गल्लीत तिने शिवलेलं अंगावर नाही असा माणूस शोधावा लागला असता. भिंतीवर एका खिळ्याला तिची मोठी कात्री टांगलेली असायची, आणि त्या कात्रीला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. घरात होतं तरी कोण म्हणा. ती आणि तो.

त्या खिडकीवरून दोघांचं लग्न झाल्यापासून भांडण चालू होतं. समोर सुताराचा कारखाना, त्याचा भुसा उडायचा. रस्त्यावरून ट्रक जायचे, त्यांचा धूर. टेबलावर दुसऱ्याचं कापड पसरलेलं, आणि कापडावर डाग पडला की भरपाई हिने करायची. म्हणून ती खिडकी लावायची. हा उठायचा आणि उघडायचा. ती लावायची, हा उघडायचा. थंडीत, वाऱ्यात, झडीच्या पावसातसुद्धा. विचारलं तर म्हणायचा, "उकडतंय." अंगावर काटा आलाय, दात वाजतायत, आणि म्हणे उकडतंय.

बाथरूमचं दार हा कधी लावायचा नाही. आत असताना मोठमोठ्याने खोकत राहायचा, म्हणजे कुणाला कळावं. तिनेच शिवलेल्या गणवेशाची कॉलर तिने तीनदा सैल करून दिली होती, तरी घरात पाऊल टाकायच्या आधी वरचं बटण उघडलेलं असायचं. "माझ्या मापात खोट काढणारे तुम्ही एकटेच," ती म्हणायची.

आणि आणखी एक गोष्ट, सगळ्यात जास्त लागलेली. इतक्या वर्षांत त्याने तिला एकदाही लाँचवर नेलं नव्हतं. कधी गर्दी, कधी समुद्र खवळलेला, कधी मालकाचा नियम की घरच्यांना आणायचं नाही. असा कुठलाही नियम नव्हता. सारंगाची बायको तर सुट्टीच्या दिवशी पुढच्या बाकावर मांडी ठोकून बसायची आणि शेंगदाण्यांची टरफलं खुशाल समुद्रात टाकायची. सारंगाच्या बायकोचे ब्लाउज हिच्याकडेच शिवायला यायचे, तेव्हा हे कळायला कितीसा उशीर लागणार.

टेलरबाईने या सगळ्या गोष्टी जोडल्या आणि स्वतःच्या अकलेप्रमाणे अर्थ लावला. या माणसाला आपल्यासोबत एका खोलीत बसवत नाही. आपल्या हातचं अंगाला खुपतं. चार लोकांत आपल्याला बायको म्हणून दाखवायची याला लाज वाटते. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं एकत्र राहून असा उलटा अर्थ लावते म्हणजे काय बाई म्हणायची. अहो, एकत्र राहणाऱ्यांनाच तर कळत नाही. समोरच्या सुताराला विचारलं असतं तर त्याने रंधा न थांबवता सांगितलं असतं की हा माणूस कशाला तरी भ्यालेला आहे.

भ्यालेलाच होता. रेडिओ बंद जागेला भ्यायचा. लिफ्ट, तळघर, लावलेलं दार, खाली उतरलेलं छत. छातीवर कुणी तरी येऊन बसायचं, घशात हवा अडकायची आणि मेलो, मेलो, एवढं एकच डोक्यात घुमत राहायचं. का, कधीपासून, ते विचारू नका. लहानपणी कुणी कोठीत कोंडलं, विहिरीत ढकललं, असलं काही घडलेलं नव्हतं. घडलं असतं तर बरं झालं असतं, सांगायला कारण तरी मिळालं असतं. कुणाला पाल चालत नाही, कुणाला रक्त. याला छत चालत नव्हतं.

मग गुहा दाखवायच्या धंद्यात हा मेला कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. हा काही आपल्या पायाने आला नाही. तो धक्क्यावर तिकिटं फाडायचा. आधीचा गाईड दुसऱ्या कंपनीत पळाला, आणि मालकाने तिकीटखिडकीतून याला मानेला धरून काढावं तसं काढलं. "आवाज बरा आहे तुझा. हा घे माईक." नुकतंच लग्न झालेलं. गाईडचा पगार तिकीटवाल्याच्या दीडपट. कोण नाही म्हणेल?

पहिल्याच दिवशी लाँच मोठ्या गुहेत शिरली. तोंड रुंद आहे, तिथवर ठीक होतं. पुढे वळण आलं, मागचा उजेड गेला, छत खाली खाली आलं आणि रेडिओचं वाक्य मधेच तुटलं. बाकांवरची सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. आता आपली अब्रू गेली, नोकरी गेली, हे त्याला कळलं, आणि जे पहिलं सुचलं ते तो बोलून बसला: "मंडळी, इथे बोलायचं नसतं. इथे फक्त ऐकायचं. मिनिटभर. दिवे बंद."

सारंगाला वाटलं मालकाचाच हुकूम आहे. त्याने इंजिन थांबवलं आणि दिवे घालवले. त्या अंधारात रेडिओ मागच्या बाजूला सरपटत गेला, लाइफ जॅकेटच्या पेटीमागे उकिडवा बसला आणि रुमाल दातांत धरून हुंदके गिळत राहिला. जरा सावरल्यावर टाळी वाजवली. दिवे लागले. बघतो तर काय, लोकांच्या डोळ्यांत पाणी. एक म्हातारे गृहस्थ त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "असली शांतता मी जन्मात ऐकली नव्हती." बाहेर येऊन त्यांनी ते मालकालाही सांगितलं.

झालं. आपणच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो म्हणतात, रेडिओने तर खड्डा खणून त्याला तिकीट लावून दिलं. पुढच्या सीझनला मालकाने फलकावर लिहिलं, 'गुहेतलं मौनाचं मिनिट.' त्याच्या पुढच्या सीझनला तक्रार आली की गाईड टाळी फार लवकर वाजवतो. मालकाने टाळी बंद केली आणि दिव्यांचं बटण घड्याळासकट सारंगाच्या हाती दिलं. मिनिट कसलं, दरवर्षी तो अंधार लांबत गेला. या सीझनला तर मालकाने फर्मान काढलं की वळणाशी थांबायचं नाही, थेट आतल्या पोटात जायचं. आतलं पोट म्हणजे गुहेची शेवटची कोठडी. तिथे जाताना सगळ्यांनी माना खाली घालायच्या, इतकं छत खाली, आणि आत येणारा उजेड म्हणाल तर नाहीच.

बायकोला सांगावं, असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली होती. तिचे काका भेटायला आले. ते लिफ्टमध्ये बसत नसत, मुलाच्या पाचव्या मजल्यावरच्या घरी रोज जिने चढून जातो असं सांगत होते, आणि ते गेल्यावर नवी नवरी पोट धरून हसली. "पुरुषासारखा पुरुष, आणि पेटीला भितो." एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी विसरलीही असेल. पण याच्या तोंडाला त्या दिवशी जी कडी बसली, ती बसली.

तर अशी सगळी दारं लागत लागत त्या सकाळपर्यंत आली.

त्या सकाळी टेबलावर पांढरंशुभ्र कापड पसरलेलं होतं. मोठ्या घरचं लग्नाचं काम, महिनाभराची मेहनत. ती आत चहा ठेवायला गेली तेवढ्यात याने खिडकी उघडली. ट्रक गेला. ती बाहेर येऊन बघते तर कापडावर काजळीची रेघ, वीतभर लांब. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने ओल्या फडक्याने रेघ टिपली, ती आणखी पसरली, मग फडकं बाजूला ठेवलं.

"सीझन संपायची वाट बघत होते," ती म्हणाली. "आता नाही बघत. उद्या ताईकडे जाते. तिच्या दुकानात एक मशीन रिकामं आहे."

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दिवस नाही. जाते. मग ठेवा सताड उघड्या सगळ्या खिडक्या. मीच नसेन म्हणजे तुमचा जीव घुसमटायला नको."

त्याने तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. पण कपात चहा ओतून तिने पाठ फिरवली, आणि ती पाठ बघून याची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. स्टुलावर तिची पिशवी होती. भिंतीवरच्या खिळ्याला कात्री नव्हती. टेलर माणूस माहेरी गेला, लग्नाला गेला, आजारी पडला तरी कात्री घरी ठेवतो. ती पिशवीत गेली म्हणजे बोलणं संपलं. कॉलरचं बटण लावत लावत तो धक्क्यावर गेला.

लाँच सुटली, जावई मागे पडला, आणि रेडिओने सवयीने शेवटच्या बाकापर्यंत नजर टाकली. शेवटच्या बाकावर, लाइफ जॅकेटच्या पेटीला लागून, त्याची बायको बसली होती. ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. तिकीट तिने इतरांसारखं रांगेत उभं राहून काढलं असणार. जाण्याआधी एकदा बघू तरी, आपल्याला जिथे न्यायची याला इतकी वर्षं लाज वाटली ते आहे तरी काय, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

रेडिओचा सासू-सुनांचा विनोद अर्ध्यात अडकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढचा तोंडातून आपोआप निघाला, कारण तो इतकी वर्षं त्याच जागी निघत आला होता: "घरी मला कुणी बोलू देत नाही, म्हणून इथे बोलतो, मंडळी." सगळी लाँच हसली. ती हसली नाही. तिने मान फिरवून पाण्याकडे बघितलं. घरी ज्याच्याकडून शब्द काढायला पकड लागते, तो हा माणूस तिच्या नावावर पन्नास लोकांना हसवत होता. आपण तिला दुखावतोय हे त्याला दिसत होतं, आणि दुसरं काय बोलायचं ते सुचत नव्हतं. पाठ केलेलं सोडून त्याच्याकडे बोलायला होतंच काय?

पहिली खाडी गेली. दुसऱ्या खाडीत लाँच थांबली, लोकांनी चहा घेतला, फोटो काढले. तिने चहा घेतला नाही. तो दोनदा तिच्या बाकापर्यंत गेला आणि दोनदा कुणी तरी मधेच त्याला हाक मारली, "काका, हा पक्षी कोणता?" पक्षी सांगून तो परत फिरला. खरं सांगायचं तर तिच्याजवळ न जाता आल्याचं त्याला बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पण खरी धास्ती वेगळीच होती. गुहेत अंधार झाला की तो लपायचा ती जागा म्हणजे पेटीमागची. आणि पेटीला लागून ती. पुढे लपावं तर पुढची बाकं खचाखच भरलेली. सारंगाच्या केबिनमध्ये जावं तर ती कपाटाएवढी, तिथे तर जिवंत गाडल्यासारखं होईल.

तो सारंगाकडे गेला. "पाणी चढतंय रे. आज आतल्या पोटात नको."

"कुठे चढतंय?" सारंग म्हणाला. "पाणी कसं तेल ओतल्यासारखं बसलंय. असा दिवस महिन्यातून एकदा मिळतो."

"बायको आलीये माझी."

"बघितली. मग तर जायलाच पाहिजे. वहिनींना दाखव की तुझी करामत."

गुहा आली. तोंडाशी पाणी हिरवंनिळं झालं, लोकांनी आ वासला. रेडिओने सांगायचं ते सांगितलं. वळण आलं. मागचा उजेड गेला. "माना खाली," त्याने म्हटलं, आणि छत डोक्यावरून सरपटत गेलं. ओल्या दगडाचा वास. आतलं पोट.

"मंडळी, इथे बोलायचं नसतं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच कुणा दुसऱ्याचा वाटला. "दिवे लागेपर्यंत कुणीही शब्द काढायचा नाही. फक्त ऐकायचं."

इंजिन थांबलं. दिवे गेले.

पायांना सवय होती. पाय मागेच गेले. पेटीमागे तो उकिडवा बसला, एका हाताने पेटीची दोरी धरली, रुमाल तोंडात कोंबला. छातीवर बसणारा येऊन बसला. छत खाली येतंय, पाणी वर येतंय, मधे मी. मेलो. कॉलर गळ्यात रुतायला लागली आणि बटण काढायला हात वर जाईना. रुमालातून कण्हल्यासारखा आवाज निघत होता, आणि तो आवाज थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. हातभर अंतरावर त्याची बायको होती, आणि त्या हातभर अंतरावर वाटली एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. उद्या जाणारच आहे. जाताना हे घेऊन जाईल. पुरुषासारखा पुरुष.

कपड्यांची सळसळ झाली. मग त्याच्या खांद्याला एक हात लागला. तो हात आधी दचकून मागे गेला, मग परत आला. गणवेशाच्या पाठीवरून फिरला. कापड घामाने चिंब झालं होतं. बोटं शिवणीवरून चालत चालत खांद्यावर आली, तिथून गळ्याशी. आपल्या हातची शिवण ती अंधारात ओळखणार नाही तर कोण? तर्जनीच्या टोकाला सुया टोचून टोचून घट्टे पडलेले, तेही त्याने ओळखले. त्या बोटांनी तोंडातला रुमाल काढून घेतला. मग वरचं बटण उघडलं. मग त्याखालचं.

ती काही बोलली नाही. बोलायचं नव्हतं ना, नियम होता, आणि नियम करणारा तिच्या पायाशी बसून थरथरत होता. बराच वेळ तिचा हात तसाच त्याच्या गळ्याशी राहिला. हात थांबला होता पण डोकं थांबलं नसणार. खिडकी, कॉलर, बाथरूमचं दार, लाँच. आपण घातलेले टाके ती एकेक करून उसवत असणार. सगळी लाँच श्वास रोखून शांतता ऐकत होती, आणि रेडिओला श्वास सापडत नव्हता.

तेवढ्यात ती बोलली. कुजबुजली नाही. घरात आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत बोलावं तसं, भरल्या आवाजात बोलली.

"अहो, घरची खिडकी मी उघडीच ठेवून आलेय."

गुहेने ते उचललं आणि उघडीच, उघडीच करत वर कुठे तरी नेलं.

आधी एक जण फसकन हसला. मग बाकंच्या बाकं हसली. अंधारातून कुणी तरी म्हणालं, "वहिनी, गॅस तरी बंद केलाय ना?" आणि मग तर हसणं थांबेना. रेडिओला मात्र ती खिडकी दिसत होती. दोन्ही दारं भिंतीला टेकलेली. ट्रक जातोय, सुताराचा भुसा उडत आत येतोय, पांढऱ्या कापडावर बसतोय, आणि कुणी उठून लावत नाहीये. त्याने श्वास घेतला. आतपर्यंत गेला. मग दुसरा घेतला.

आता कसली शांतता, असं म्हणून सारंगाने दिवे लावले. तोपर्यंत ती बाकावर नीट बसलेली होती, पर्स मांडीवर, आणि रेडिओ पेटी धरून उभा होता. गळ्याची दोन बटणं उघडी.

धक्क्यावर मालक उभाच होता. उतरणारी माणसं हसत हसत त्याला गुहेतल्या बाईची गोष्ट सांगत होती, आणि मालकाचा चेहरा आधी आंबट, मग गोड होत गेला. त्याने टेलरबाईला गाठलं. "वहिनी, रोज याल का? तेवढं एकच वाक्य म्हणायचं. लोकांना आवडलंय."

"मला शिवण आहे," ती म्हणाली.

रेडिओ पुढे झाला. "मालक, दिव्यांचं बटण उद्यापासून माझ्याकडे द्या. मला आत त्रास होतो."

"त्रास?" मालक हसला. "अरे, लोक पैसे कशाचे देतात? त्या अंधाराचेच तर देतात. बघू." मालकाच्या 'बघू'चा अर्थ धक्क्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होता.

दोघं घरी चालत निघाली. भाजीबाजार गेला, चक्कीचं दुकान गेलं. चपलांचा आवाज तेवढा होत होता.

"मला तिथे भीती वाटते," शेवटी तो म्हणाला.

"दिसलं."

"अंधारात?"

"हाताला दिसलं." चार पावलं गेल्यावर तिचा पारा चढला, आणि चढला तो असा चढला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "इतकी वर्षं. एका वाक्याचं काम होतं. परक्यांना जावई सांगता, सासू सांगता, बायकोला एवढं सांगायला जीभ झडली होती? मला वाटलं माझ्यापायी. मला वाटलं मीच तुम्हाला घरात नकोय. मी काय काय वाटून घेतलं, ठाऊक आहे? आणि म्हणे रेडिओ."

"तू काकांना हसली होतीस," तो म्हणाला.

"कुठल्या काकांना?"

त्याने सांगितलं. ती रस्त्यात उभी राहिली. तिला खरंच आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न करता करता तिचा चेहरा उतरत गेला, आणि मग तिने पर्समधून त्याचा तो दातांच्या खुणा उमटलेला रुमाल काढला आणि त्यालाच दिला. "पुसा तोंड," म्हणाली. तिच्याच गालांवरून पाणी ओघळत होतं.

घराचं कुलूप तिने उघडलं आणि आधी आत गेली. तो मागून आला आणि थबकला. खोलीत कोंदट अंधार होता. खिडकी बंद होती. वरची कडी, खालची कडी, दोन्ही लावलेल्या, आणि फटीत वर जुन्या कापडाच्या चिंध्यासुद्धा कोंबलेल्या.

"उघडी ठेवून आलेय म्हणालीस."

"म्हणाले."

तिने चिंध्या उपसल्या. कड्या काढल्या. दोन्ही दारं भिंतीपर्यंत नेऊन टेकवली. रस्त्याचा आवाज, भुसा, धूर, सगळं एकदमच आत आलं. मग ती टेबलाकडे वळली. "धरा त्या बाजूने." दोघांनी टेबल उचलून आतल्या भिंतीला लावलं, मशीनही सरकवलं.

"इथे उजेड कमी पडेल तुला," तो म्हणाला.

"दिवा लावीन." पिशवीतून कात्री काढून तिने खिळ्याला अडकवली. कात्री थोडा वेळ हलत राहिली. "उद्या जायचंच आहे ना आत?"

"मालक सोडणार नाही. दुसरं काम मिळेपर्यंत जावं लागेल."

"मग आत गेलात की डोळ्यांपुढे एवढं आणायचं, की इथे उघडी आहे."

ती पांढऱ्या कापडाची घडी घालत होती.

"आज खोटं बोलले," ती म्हणाली. "उद्यापासून खरं असेल." आणि घडी उचलून तिने कापड आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.